सोन्याखालचे दात

“सुनेच्या तोंडात सोनं नसेल तर मार्गिलान शहरात माझं नाक राहील का?” सासूचा तो सूर होसियतच्या कानांतून कधी गेलाच नाही. लग्नाच्या आठवड्यात तिच्या दातांवर सोन्याच्या टोप्या चढल्या. हसली की गल्ली उजळायची. आज दवाखान्यात तिच्या लेकीच्या, शाहलोच्या दातांवरच्या तारा आवळून झाल्या. डोळ्यांत पाणी, पण जीभ तिखटच. “आई, रविवारी मागणी घालायला बायका येतील, तेव्हा हसू नकोस. त्या सोन्याच्या दातांनी बाजारातली खरबूजवाली दिसतेस!” होसियतची बाही आपसूक ओठांवर गेली. डॉक्टर म्हणाले, “वेडेवाकडे दात आईचेच घेतलेस वाटतं.” “नाहीतर काय! तिचे सोन्याखाली झाकलेत, एवढंच.” होसियतने बाही खाली घेतली. “माझे दात कणसाच्या दाण्यांसारखे सरळ होते, पोरी. टोप्या बसाव्यात म्हणून तुझ्या आजीने ते कानशीने घासवले. रडले, तर म्हणाल्या, पाहुणे येतील, तोंड मिटून बस.”