पाठीवरची चौकट

कडी उपटून धाकट्याच्या हातात आली आणि पेटी धाडकन वाटेवर आदळली. आत रंधे, पटाश्या, करवती एकमेकांवर खणखणल्या.

"घ्या! मला साधी कडीसुद्धा धड धरता येत नाही," धाकटा हसत म्हणाला.

ताई हसली नाही. गाडी खाली नाक्यापाशीच थांबली होती. धाकटा ज्या चौकीवर वनरक्षक होता ती अजून दोन तासांच्या चालीवर, आणि वाट एका माणसापुरती. इथवर दोघांनी दोन कड्या धरून पेटी आणली होती. आता एकच कडी उरली.

बाबांना जाऊन महिना झाला होता. जाताना त्यांनी घर आणि सुतारकामाची जागा ताईच्या नावे केली. हत्यारांची पेटी मात्र धाकट्याला. बावीस वर्षं ताई त्यांच्याशेजारी उभी राहून लाकूड तासत होती. मोठ्या रंध्याची मूठ तिच्या तळव्याच्या आकाराची झाली होती. आणि पेटी कुणाला, तर अठराव्या वर्षी घर सोडून गेलेल्याला, ज्याला सरळ खिळा ठोकता येत नाही त्याला. मुलगा ना तो! ताईनं तोंडातून ब्र काढला नाही. उलट पेटी पोचवायला स्वतः आली. हिच्या मनात खोट होती, असं चार माणसांत कुणी म्हणायला नको.

"पाठीवर न्यावी लागेल," ती म्हणाली. "चौकट करू."

"करवत काढून देऊ?" धाकट्यानं खिशातून पेटीची किल्ली काढली.

"राहू दे. तुझी हत्यारं तुझ्यापाशी."

तिच्याकडे खिशातला चाकू होता. तिनं कडेला पडलेल्या काठ्या एकेक वाकवून पाहिल्या. वाळलेली मोडली, ती फेकली. मनगटाएवढ्या जाडीच्या दोन लांब काठ्या निवडल्या, एक आखूड. मापापेक्षा लांब होत्या त्या झाडाच्या बेचक्यात अडकवून मापात मोडल्या. टोकांना खाचा पाडल्या. दोन लांब काठ्या वर एकमेकींवर तिरक्या टाकल्या, आखूड काठी खाली आडवी. झाला त्रिकोण. मध्ये पेटी टेकायला आणखी दोन आडव्या काठ्या. पेटी ज्या चादरीत गुंडाळली होती तिच्या पट्ट्या फाडून खांद्याला पट्टे केले. धाकटा उकिडवा बसून बघत होता. लहानपणी बाबांच्या कामाच्या जागेच्या दारात बसायचा तसाच. आत कधी यायचा नाही.

चादरीवर गुंडाळलेल्या सुतळीनं ती एकेक कोपरा बांधत गेली. वेढे द्यायचे, मग दोन काठ्यांच्या मधून फेर घेऊन ते वेढे आवळायचे, मग गाठ. खालच्या डाव्या कोपऱ्याशी ती आली. सगळा भार याच आडव्या काठीवर येणार होता. पुढे ओढ्याची घळ होती, तिच्यावर नुसता एक ओंडका टाकलेला. येतानाच धाकट्यानं सांगितलं होतं.

तिनं वेढे दिले. आवळायचा फेर घेतला नाही. वर गाठ मारली, चांगली दिसेलशी.

मला नाही, तर कुणालाच नको.

"वा! खुर्चीत बसल्यासारखी बसली की पेटी," पट्टे खांद्यावर चढवत धाकटा म्हणाला, आणि चालू लागला. ताई मागून चालली. तिची नजर त्या कोपऱ्यावरून हलेना. पन्नास पावलांवर पहिला वेढा सैल झाला. मग दुसरा. काठी केसभर खाली घसरली, मग बोटभर. पेटी डावीकडे झुकली, तसा धाकटा उजवीकडे कलून चालू लागला.

घळ आली. तो ओंडक्यावर चढला. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. पेटी आणखी कलली, आणि तिच्याबरोबर तोही. ताईनं इतका वेळ मनात फक्त पेटी खाली जाताना पाहिली होती. पेटी माणसाच्या पाठीला बांधलेली आहे, हे तिला आत्ता दिसलं.

"थांब! हलू नकोस!"

ओंडक्यावर पालथी पडून तिनं दोन्ही हातांनी चौकट धरली आणि पेटीसकट त्याला मागे ओढलं. दोघंही काठावरच्या मातीत बसली.

"गाठ सुटली वाटतं," धाकटा म्हणाला.

"सुटली नाही." ताई म्हणाली. "मी मुद्दाम सैल बांधली. पेटी तुला मिळू नये म्हणून."

धाकट्यानं कोपऱ्यावरचे वेढे बोटानं चाचपले. त्याच्या चेहऱ्यावर राग यायला हवा होता. आला नाही.

"तरीच म्हटलं, तुझी गाठ चुकेल कशी! ताई, पेटी मला का, हे मी बाबांना विचारलं होतं. म्हणाले, 'तुला हत्यारांचा आधार लागेल. तिला चार काटक्या आणि एक चाकू दिला तरी ती घर उभं करील. तिच्यासारखा हात मलाही नाही.'"

"मला असं कधी म्हणाले नाहीत," ताई म्हणाली. "बावीस वर्षांत एकदासुद्धा नाही."

"तुला नसतील म्हणाले," धाकटा म्हणाला. "तुझी पाठ वळली की मला रोज ऐकवायचे. नाहीतर अठराव्या वर्षी घर सोडून या रानात मी कशाला आलो असतो?"