पालकाचा अंगठा

"हाऊ तुन्हा कोण शे?" बन्सीलाल शेठनी विचारलं.

"भाऊ," सोमी म्हणाली.

दाराशी उभ्या असलेल्या नारसिंगने हात जोडले. नंदुरबारच्या त्या कचेरीत खुर्ची रिकामी होती, पण त्याला बसवेना.

सोमी नवापूरकडच्या डोंगरातली. बोर्डिंगात राहून मॅट्रिक झालेली. पुण्याच्या डॉक्टरीच्या शाळेत तिला जागा मिळाली होती, पण फी कुठून आणणार? शेठनी मुलींच्या शिक्षणासाठी काढलेल्या फंडाने नाही म्हटलं, तर उद्यापासून पुन्हा लाकूडतोडीची मजुरी.

शेठच्या शेजारी पुण्याहून आलेल्या डॉक्टर सरलाबाई होत्या. त्यांचा आवाज कोरडा होता.

"तिथं मुडदा चिरावा लागतो. भीती वाटेल?"

"वाटेल," सोमी म्हणाली. "पण चिरेन."

सरलाबाई नारसिंगकडे वळल्या. "तुम्ही हिला का पाठवताय?"

तो बोलणं पाठ करून आला होता, ते आठवेना.

"बायको अडली होती," तो हळूच म्हणाला. "झोळीत घालून चिंचपाड्याच्या दवाखान्यात नेली. ती वाचली. बाळ वाटेतच गेलं. आमच्याकडं डॉक्टर नाही, बाई."

सोमी खिडकीबाहेर बघत राहिली.

"बायकोची हरकत नाही ना? घरात कामाला दोन हात कमी होतील," सरलाबाई म्हणाल्या.

"नाही. तीच मागं लागली होती."

सरलाबाईंनी कागद पुढे सरकवला. "फंडाने पाठवलेली मागची मुलगी लग्न करून मधूनच गेली. शिक्षण पुरं होईपर्यंत लग्न करायचं नाही. कबूल?"

"कबूल," सोमी म्हणाली.

सोमीने सही केली. खाली पालक म्हणून नारसिंगने अंगठा उठवला. शाई जरा पसरली. शेठनी कागद उचलून बराच वेळ पाहिला.

"चाली," शेठ मान डोलावत म्हणाले.

सरलाबाई त्याच दिवशी पुण्याला परतणार होत्या. सोमीने त्यांच्याबरोबरच निघायचं ठरलं.

स्टेशनवर गाडी आली. सरलाबाई आत जाऊन सामान लावू लागल्या. सोमी खिडकीशी बसली. नारसिंगने इकडेतिकडे पाहिलं आणि तिच्यासमोर मूठ उघडली. तिचा हात आधी स्वतःच्या मोकळ्या गळ्याकडे गेला, मग पटकन पुढे आला.

"नको," तो म्हणाला. "तिथं कुणी पाहील. माझ्याजवळच राहू दे."

गाडी हलली, आणि नारसिंगने बायकोचं मंगळसूत्र पुन्हा मुठीत घट्ट धरलं.