पुढचा उजवा

कॅन्सर डाव्या स्तनात होता, पण तपासणीत खोट जनुकातच निघाली, म्हणून डॉक्टरांनी उजवाही काढायचा का, असं विचारलं होतं. (आई आणि मावशी दोघी यातच गेल्या. त्यांना असं विचारणारं कुणी नव्हतं.) "दोन्ही काढून टाकते," मी गॅरेजच्या गल्ल्यावरून नवऱ्याला म्हणाले. तो गाडीखाली होता. (अवघड विषय त्याच्यापाशी असेच काढावे लागतात, म्हणजे त्याला उठून जाता येत नाही. माझं ठरलं होतं, पण त्याचं 'हो' हवं होतं.) "चांगला पार्ट कुणी काढतं का?" खालून आवाज आला. "उद्या बिघडला म्हणजे?" "उद्याचं उद्या बघू." (घरच्या गळक्या नळाबद्दलही गेली कित्येक वर्षं हेच म्हणतोय.) तेवढ्यात गाडीचे मालक, निवृत्त मास्तर, आले. "पुढचा डावा शॉकअप तेवढा बदल रे. उजवा ठणठणीत आहे." "मास्तर, एक गेला की दुसरा जायचाच. तो भर रस्त्यात दगा देईपर्यंत कशाला थांबायचं? दोन्ही..." (हे भाषण मला पाठ आहे. त्यातून आजवर एकही गिऱ्हाईक सुटलेलं नाही.) ठोकाठोक थांबली. "अरे, पुढे बोल की," मास्तर वाकून म्हणाले. थोड्या वेळाने नवरा सरपटत बाहेर आला. (तोंड ऑइलने माखलं होतं, फक्त डोळ्यांखाली दोन रेघा स्वच्छ होत्या.) "ऑपरेशन दोन्हीचं एकदमच करतात ना?" त्याने मला विचारलं. "की गॅरेज दोनदा बंद ठेवावं लागेल?"