एल्फ राणीचे हात

"फुलं तोडू नका, असं सांगितलं होतं ना, अक्का!" मृणाली अगदी रडकुंडीला आली होती.

बागेत कामाला असलेल्या बेबाबाईनं विळा कमरेला खोचला. "फूल एक बी तोडं नही, ताई. तोडं ते कमळ."

केळफुलाला इथल्या केळीच्या बागांत कमळ म्हणतात, हे देवपूरहून आलेल्या या दिग्दर्शिकेच्या गावीही नव्हतं. घड धरला की कमळ छाटायचं, ही रोजची रीत. शिरपूरकडची ती अख्खी बाग बायकांनी सकाळीच उरकली होती, आणि बागेतल्या शूटिंगचा आजच शेवटचा दिवस होता.

एल्फ नावाच्या दीर्घायुषी वनदेवतांच्या मूळ कादंबरीत एकच ओळ होती. एल्फ राणीनं फुलाखाली हात धरला आणि फूल उमललं. त्या ओळीवर भाळूनच मृणालीनं मालिका अंगावर घेतली होती. निर्मात्यांना मात्र हातातून हिरव्या ठिणग्या उडायला हव्या होत्या. त्याशिवाय जादू कळणार कुणाला? दिवस मावळायच्या आत खरं फूल उमलतानाचा शॉट मिळाला तर ठीक, नाहीतर ठिणग्या.

"एक कमळ बाकी शे," बेबाबाई जरा नाखुशीनंच म्हणाली. "भाजीसाठे ठेयेल शे."

सगळे कडेच्या केळीकडे धावले. राणी झालेल्या कामिनीनं कमळाखाली हात धरला, भुवया ताणल्या, सोनेरी नखं नाचवली. कमळ ढिम्म.

"पोरी, हात हालाडू नको," बेबाबाई पुढं झाली. "त्याना येळ व्हवू दे. नुसता धरी ठेव, आसा." आणि तिनं आपलाच हात कमळाखाली धरून दाखवला.

कॅमेरामन योगराजनं कॅमेरा बंद केला नाही. उन्हं केळीच्या बुंध्यांवरून उतरली. मग ती जांभळी पाकळी बोटभर उचलली, थांबली आणि सावकाश मागं वळली. आत पिवळसर फुलांची ओळ बसली होती.

"मिळालं!" योगराज ओरडला. मृणालीनं बेबाबाईला मिठीच मारली. आनंदानं तिला हसू की रडू कळेना. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिनं शॉट पुन्हा पाहिला. चिकानं काळा पडलेला, भेगाळलेला तो हात खरोखर हजार वर्षांच्या राणीचा वाटत होता. पण उद्या धुळ्यात कामिनीचे जवळचे शॉट होते, आणि तिचे हात लोण्यासारखे!

कामिनीनंही ते पाहिलं. तिनं चिकटवलेलं एकेक सोनेरी नख उपटून खिशात टाकलं.

तोवर बेबाबाईनं भाजीसाठी कमळ कापलं होतं. देठातून पाण्यासारखा चीक ठिबकू लागला. कामिनीनं त्याखाली दोन्ही हात धरले.

"पोरी, डाग निंघत नही हाऊ!"

"नकोच निघायला." कामिनीनं हात उलटसुलट करून पाहिले. "पण अक्का, काहीच तर दिसत नाही."

"आज नही दिसत," बेबाबाईनं कमळ पदरात घेतलं. "सकाय देखजो."