लिंबूटिंबू

माणसांसाठी गेम बनवून शेडग्यांची रेवती पार विटली, म्हणून यंत्रांना खेळ पुरवणाऱ्या कंपनीत गेली. मुलाखतीला समोर यंत्रच. तिचे सगळे गेम त्यानं बसल्या जागी जिंकले.

"ताई, यात काही दम नाही. हौसेनं काही बनवलंय का?"

रेवतीनं घरी जमवलेला डबा ऐसपैसचा गेम लावला. यंत्र अडखळलं.

"यातली ही धाकटी पोर सापडली तरी बाद होत नाही. चूक राहिलीय."

"चूक कसली? लिंबूटिंबू आहे ती. तिच्यावर राज्य येत नाही."

"मग जिंकते कधी?"

"कधीच नाही. नुसती पळते अन् खिदळते."

यंत्रानं गेम बंद केला. गेली नोकरी, रेवतीनं ओळखलं.

मग ते हळूच म्हणालं, "सोमवारपासून या. पण आत्ता एक डाव मांडा, अन् मला लिंबूटिंबू घ्या."