बाहेर या

चार महिन्यांत पहिल्यांदा बेक साहेबांच्या तोंडून शब्द फुटले, तेव्हा विभावरी त्यांचा लुळा हात धरून बसली होती.

"एक... दोन... हां, अजून थोडा वर," ती नेहमीसारखी मराठीतच मोजत होती. अर्धांगाचा झटका आल्यापासून साहेबांची वाचा गेलेली. त्यांना इंग्रजी काय आणि मराठी काय, सारखंच. दुबई मरीनातल्या या उंच फ्लॅटवर ती फिजिओथेरपीला यायची, त्यांचा हात उचलायची, खाली ठेवायची. ऐंशीच्या घरातला तो कोरियन माणूस काचेबाहेर बघत राहायचा.

स्वयंपाकघरात लिएन फोनवर बोलत होती. ती व्हिएतनामची. साहेबांचं सगळं करायला त्यांच्या मुलाने ठेवलेली. एरवी ती आपल्या खोलीत जाऊन, दार लावून बोलायची. पण आज तिच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, तिला राहवलं नाही. मोठ्याने हसत, आपल्या भाषेत ती लेकीला काय काय सांगत होती.

साहेबांनी मान वळवली. ओठ थरथरले. मग घशातून खरखरीत, पण स्पष्ट आवाज आला. एक वाक्य. जरा थांबून पुन्हा तेच, या वेळी दरडावून.

विभावरीच्या अंगावर आनंदाने काटा आला. "अरे वा! बोला साहेब, बोला!"

स्वयंपाकघरातलं हसणं थांबलं. लिएन दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातातल्या फोनमधून मुलगी हाका मारत होती. लिएनने न बघताच तो बंद केला.

"कोरियन बोलले ना ते?" विभावरीने इंग्रजीत विचारलं.

"नाही मॅडम. आमची भाषा आहे."

"काय म्हणाले?"

लिएनने शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला.

"बाहेर या, कुणाला काही करणार नाही, पोरांनाही आणा."

विभावरीची नजर आपसूक भिंतीवरच्या फोटोकडे गेली. हेल्मेट घातलेला कोवळा जवान, हातात रायफल, मागे माडांची रांग. साहेबांचा मुलगा मिन-जे आल्यागेल्याला वडिलांचा तो तरुणपणीचा फोटो दाखवून सांगायचा: अमेरिकेने बोलावलं आणि आमच्या कोरियाची तीन लाख माणसं व्हिएतनामला गेली. नुसता पहारा द्यायला नव्हे, लढायला. बाबांची तुकडी तर सगळ्यांच्या पुढे. आमचे रस्ते, आमचे कारखाने त्याच्या मोबदल्यावर उभे राहिले. लिएनलासुद्धा त्याने एजन्सीतून मुद्दाम निवडून आणलं होतं. "माझे वडील तुमच्या देशासाठी लढलेत," असं तो तिला पहिल्याच दिवशी म्हणाला होता. लिएन "येस सर" म्हणाली होती आणि चहा टाकायला गेली होती.

"लिएन, लढाईत सैनिक असं ओरडतातच," विभावरी म्हणाली. म्हणताना तिचं तिलाच ते बरं वाटलं नाही.

"माझी आजी हे वाक्य म्हणून दाखवायची. अगदी असंच." लिएन साहेबांकडेच बघत होती. "आमच्या भाषेत सूर चुकला की शब्दाचा अर्थ बदलतो. यांचे सूर चुकतात. आजी ती चूकसुद्धा तशीच ठेवायची. लहानपणी आम्हाला हसू यायचं."

"मग... आले होते लोक बाहेर?"

"सगळे आले. आजी तेवढी मागे पेंढ्यात लपली होती, ती नाही आली. म्हणून मी आहे."

विभावरीच्या हातात साहेबांचा हात तसाच होता. उबदार, जड. तो खाली ठेवावा की धरून राहावं, तिला कळेना.

तेवढ्यात साहेब पुन्हा ओरडले. आतल्या खोलीतून मिन-जे धावतच बाहेर आला, कानातला इअरफोन ओढून काढत. वडिलांसमोर गुडघे टेकून त्याने त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"मॅडम, तुम्ही हे केलंत! डॉक्टरांनी तर आशाच सोडली होती." मग लिएनकडे वळून, "व्हिएतनामी ना हे? काय म्हणतायत बाबा?"

लिएनने विभावरीकडे पाहिलं. काहीतरी बोलायला हवं होतं. विभावरी साहेबांची बोटं चोळत राहिली. लिएनचा व्हिसा याच माणसाच्या हातात होता. आणि विभावरीची चार महिन्यांची मेहनत आत्ता कुठे फळाला येत होती.

"'बाहेर या' म्हणतायत, सर," लिएन म्हणाली.

"बाहेर!" मिन-जे रडता रडता हसला. "ऐकलंत मॅडम? घरात बसून कंटाळलेत ते. उद्यापासून यांना रोज खाली पाण्याकाठी फिरवून आणायचं." त्याने लिएनला खांद्याला धरून वडिलांच्या खुर्चीसमोर बसवलं. "तू उत्तर दे त्यांना. तुझ्याच भाषेत. तुझा आवाज ऐकूनच ते बोलले असणार. मॅडम, याने फायदा होईल ना?"

"होईल," विभावरीच्या तोंडून गेलं.

लिएन पुढे झुकली. साहेबांच्या डोळ्यांत डोळे घालून, सावकाश, लहान मुलाला समजवावं तसं, ती काहीतरी म्हणाली. दोनतीनच वाक्यं. शेवटी एकेक करून काही नावं घेतली. ती नावंच होती, हे विभावरीला भाषा न कळताही कळलं. संपतील असं वाटलं, पण नावं संपेनात.

साहेबांच्या चांगल्या हाताने खुर्चीचा दांडा घट्ट आवळला. तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

मिन-जेने मायेने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"बोला ना बाबा," तो म्हणाला. "ऐकतेय ती."