गळती थांबली तेव्हा

“आत्याबाई, मयाल खाली येऊन राहिली,” जयवंता बाजेवरून म्हणाली.

कोणी वर पाहिलं नाही. सासू पार्बताबाई चुलीवर पाणी तापवत होती. नणंद शकुन जुनी लुगडी फाडत होती. सुईण माणिकबाई बाजेशी बसून जयवंताची कंबर चोळत होती. नवरा सहदेव पहाटेच बैलांच्या दमणीत झेंडू भरून अमरावतीला गेला होता. उद्या महालक्ष्म्या होत्या. आठ दिवसांची झड सकाळी उघडली होती. चांदूर बाजारजवळच्या त्या मळ्यावर ऊन पडलं होतं आणि सगळ्यांना हायसं वाटत होतं.

जयवंता मात्र पहाटेपासून उताणी पडून होती. तिला पाहायला दुसरं काही नव्हतंच. डोक्यावर धाबं होतं, म्हणजे लाकडी फळ्यांवर हातभर मातीचा थर, आणि तो सगळा भार पेलणारं एकच आडवं लाकूड, ती मयाल. सकाळी तिच्या टोकाशी, भिंतीच्या वर, उजेडाचा एक दोरा दिसत होता. दोन कळा येऊन गेल्या तेव्हा तिथं बोट गेलं असतं. आता मूठ गेली असती.

मग तिच्या कपाळावर माती पडली. तिनं ती बोटांनी चोळून पाहिली. घरातलं सरपणसुद्धा ओलं होतं आणि ही माती कोरडी होती, पिठासारखी. ती भिंतीच्या पोटातून येत होती. आत कुठंतरी लाकूड भिंतीला दळत होतं.

“आत्याबाई, गळती कवा थांबली?”

“परवाच. बरं झालं, पाणी धराले खाली ठेवलेला गंज उचलला.”

“पाणी तं आज उघडलं. मंग दोन दिवसाचं पाणी गेलं कुठी? सारं वरच मुरून राहिलं थे.”

पार्बताबाईचा हात क्षणभर थांबला. मग तिनं चुलीत काडी सारली. “हे धाबं तुह्या आजेसासऱ्यानं घातलं व. तुह्या लग्नाचे वऱ्हाडी याच्यावर निजले. काई होत नाई त्याले.”

माणिकबाईनं जयवंताच्या डोक्यावरून हात फिरवला. “कळा आल्या का बाईले सारं घर अंगावर येते, पोरी. तीस वर्सं झाले, हेच आयकून राहिली मी. डोये मीट.”

“मंग तुमी तिघी तरी बाहेर बसा घडीभर.”

“अन् तुले एकटी टाकून?” पार्बताबाई हसली. “जीव गेला तरी मी इथून हालत नाई.”

पुढची कळ जयवंतानं दात खाऊन काढली. कळ ओसरली तशी ती बाजेवरून उतरली, भिंतीला धरून उभी राहिली आणि कोणाला काही कळायच्या आत दाराबाहेर पडली.

“अवं माय! धरा तिले!”

पार्बताबाई हातातली काडी टाकून धावली. तिच्यामागं शकुन. जयवंता पोट दोन्ही हातांनी धरून अंगणातून पळत होती. विहिरीपाशी सासूनं तिला गाठलं आणि मनगट पकडलं. “काहून असं करून राहिली? चाल घरात!” जयवंतानं मागं वळून दाराकडे पाहिलं. मग खाली वाकली आणि सासूच्या हाताला कडकडून चावली.

पार्बताबाईच्या हातातून मनगट सुटलं. जयवंता झेंडूत शिरली. ओल्या काळ्या मातीत पाय घोट्यापर्यंत रुतत होते, तरी ती थांबेना. “वारं लागलं तिले!” शकुन ओरडली. तेव्हा म्हातारी माणिकबाईही गुडघ्यांवर हात ठेवत, शिव्या देत, अंगण ओलांडून मळ्यात आली.

ती पोचली आणि जयवंता मटकन खाली बसली.

मागं आवाज झाला. फार मोठा नव्हता. भरलेली गाडी एकदम जमिनीवर बसावी तसा. तिघींनी वळून पाहिलं. चार भिंती जागच्या जागी उभ्या होत्या. दारही उघडंच होतं. पण दारातून आत पाहिलं की आभाळ दिसत होतं.

पार्बताबाईनं चावलेला हात नकळत दुसऱ्या हातात धरला होता. रक्त येत होतं, तिचं लक्ष नव्हतं.

दिवस मावळायच्या आत तुराट्यांच्या गोठ्यात मुलगी झाली.

दुसऱ्या दिवशी पटवारी वामनराव आले. पडझडीचा कागद एलिचपूर तहसिलीत धाडायचा होता. त्यांनी ढिगाऱ्यावर चढून पाहिलं. मयाल बाजेच्या मधोमध पडली होती आणि बाजेचे चारही खूर जमिनीत गेले होते. मयालीचं बाहेरचं अंग तेल पाजल्यासारखं टणक होतं. भिंतीत राहिलेलं टोक मात्र त्यांच्या बोटांत भिजल्या भाकरीसारखं चुरलं. मग लेखणी काढून त्यांनी विचारलं, “घरात कोण कोण होतं?”

“कोनीच नाई,” शकुन म्हणाली.

गोठ्यात पार्बताबाई सुनेशेजारी बसली होती. बाळ तिच्या मांडीवर होतं. तिनं हाताला फडकं बांधलं होतं. कालपासून मनात असलेला प्रश्न तिनं आता विचारला.

“तुले जीव वाचवाचा होता, थे समजलं मले. पण इहिरीपाशी तं आपुन बाहेरच होतो ना व. मंग मले चावून पुढं काहून पळाली?”

जयवंतानं डोळे उघडले.

“माणिकबाई तवा उंबऱ्यातच उभ्या होत्या, आत्याबाई. त्या बाहेर आल्याबिगर कशी थांबू?”